पाया खणण्यापूर्वीची नोटीस

कमंडलू नदीकाठच्या रहिमतपुरात ज्याला राहते घर वाढवावयाचे असते त्याला प्रथम वर पाहावे लागते; कारण आजूबाजूस जागाच नसते. कोरेगाव तालुक्यातील हे गाव जुने. रणदुल्लाखानाची कबर व मशीद येथे आदिलशाहीची आठवण देतात, आणि १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरातही येथील नगरपालिकेची नोंद सापडते. अशा गावाच्या गावठाणात घराला घर लागून असते. एका वाड्याच्या वाटण्या होऊन झालेल्या दोन घरांत भिंत सामाईक राहते, एकाची पागोळी दुसऱ्याच्या परसात पडते आणि दोघांचे सांडपाणी एकाच बोळातून वाहते. मुलाचे लग्न ठरले किंवा मुंबईची नोकरी आटोपून थोरला भाऊ परतला, की कौले उतरवून वर स्लॅबच्या दोन खोल्या चढविण्याचा विचार सुरू होतो. त्यात गैर काहीच नाही. शेजारी हरकत घेतो त्यातही, बहुतेक वेळा, गैर काही नसते.

शेजाऱ्याची हरकत म्हणजे मत्सर, असे समजण्याची आपल्याकडे सवय आहे. वस्तुतः त्याची भीती अगदी साध्या गोष्टींची असते. दगड-मातीच्या भिंतीला खेटून नवा पाया खणला की जुनी भिंत खचते. तिला तडे गेल्यावर मग भरपाई कोणी द्यावयाची? वरच्या मजल्याची भिंत उठली की माजघरातील एकुलत्या खिडकीचा उजेड जातो आणि भर दुपारी दिवा लावण्याची पाळी येते. नवी खिडकी उघडते ती थेट दुसऱ्याच्या परसावर, जेथे घरातील बायका धुणीभांडी करतात. पूर्वी कौलांवरून दोन बाजूंस वाटले जाणारे पावसाचे पाणी आता एका नळीतून धो धो बोळात येते. हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. त्या घराची किंमत आणि त्यातील माणसांचे स्वास्थ्य दोन्ही त्यांवर अवलंबून असतात.

या प्रश्नांची सुनावणी कोठे होते? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये बांधकामास नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे येथे नगरपरिषदेची, परवानगी लागते. अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळविला नाही, तर नियमांशी तंतोतंत जुळणारी परवानगी मिळाली असे मानण्यात येते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील साध्या घरांसाठी परवान्याची पद्धत जवळजवळ मोडीतच काढली: परवानाधारक तंत्रज्ञाच्या दाखल्यासह नकाशा दाखल करावा, शुल्क भरावे, आणि पावती हीच परवानगी समजावी. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यावयाची. कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला ही सुधारणा किती मोलाची वाटेल, हे सांगावयास नको. तथापि गावठाणातील बहुतेक घरे याच लहान मापाची असतात. आणि जेथे भिंतीला भिंत भिडलेली आहे, तेथेच तपासणी सर्वांत सैल व्हावी, हा प्रकार चमत्कारिक आहे. शिवाय संपूर्ण शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून हरकती मागवाव्यात, असे हाच १९६६ चा कायदा सांगतो. गावाबाहेरच्या नियोजित रस्त्याबद्दल ज्याचे म्हणणे आवर्जून ऐकले जाते, त्याला स्वतःच्या भिंतीलगतच्या पायाची वार्ता कुदळीच्या आवाजाने कळते.

मग उरते दिवाणी न्यायालय. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने उजेड व वारा यांचा वीस वर्षे अखंड व शांततेने उपभोग घेतलेल्यास हक्क दिला आहे. नव्या खिडकीने शेजाऱ्याच्या खाजगीपणावर आक्रमण करू नये, अशी एखाद्या गावची रूढी असेल तर तीही हक्क ठरू शकते, हे त्या कायद्याने उदाहरण देऊन सांगितले आहे. गुजरातेत अशी रूढी न्यायालयांनी मान्यही केली. नगरपरिषदेच्या परवानगीने हे खाजगी हक्क बुडत नाहीत. पण न्यायालय पुरावा मागते, वकील फी मागतो, आणि तारखा पडत असताना स्लॅब पडून जातो. एकदा पडलेला स्लॅब काढा, असे म्हणण्यास सहसा कोणी धजत नाही.

अर्थशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांनी १९६० च्या आपल्या गाजलेल्या निबंधात ‘ब्रायंट विरुद्ध लेफेव्हर’ या १८७९ सालच्या निकालाची चर्चा केली आहे. दोन लगतची घरे. एकाने १८७६ साली घर नव्याने उभारताना भिंत उंच केली आणि छपरावर लाकडे रचली. त्यामुळे दुसऱ्याचे धुराडे कोंडून खोल्यांत धूर भरू लागला. अपील न्यायालय म्हणाले, धूर करणारा तर विस्तव पेटविणाराच आहे! कोझ यांचे म्हणणे असे, की भिंत आणि विस्तव दोन्ही असल्याखेरीज धूर घरात कोंडत नाही. हानी परस्परसापेक्ष असते. बोलणी करण्यास काही खर्च पडत नसेल, तर हक्क कोणाचाही ठरो, दोघे परस्परांत सौदा करून मार्ग काढतील. अर्थात खर्च पडत नाही असे जग कोठेच नसते, याची जाणीव कोझ यांना पुरेपूर होती. आपल्या गावठाणात तर या खर्चात वीस वर्षांपूर्वीच्या वाटणीचा राग, भाऊबंदकी आणि गेल्या निवडणुकीतील वैरही मिळविलेले असते.

म्हणूनच शेजाऱ्याच्या हाती नकाराधिकार देणे हा उपाय नव्हे. ना-हरकत पत्राची सही हा एक विकाऊ माल बनतो, आणि सही अडवून बोळातील दोन फूट जागा पदरात पाडून घेणारेही गावोगाव आहेत. दुसऱ्या टोकाला न विचारता बांधणारा असतो. त्याला शासनच अभय देते: ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीची अनधिकृत बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची तरतूद २०१७ साली १९६६ च्या कायद्यात घालण्यात आली. रीतसर अर्ज करणाऱ्याने त्यातून कोणता धडा घ्यावा?

इंग्लंडमध्ये १९९६ च्या सामाईक भिंत कायद्याने सामाईक भिंतीस हात लावण्यापूर्वी दोन महिने आणि शेजारच्या इमारतीलगत खोल खोदाई करण्यापूर्वी एक महिना लेखी नोटीस देणे बंधनकारक केले आहे. एकमत न झाल्यास तज्ज्ञ मोजणीदार निवाडा देतो. त्याचा खर्च बहुधा बांधणाराच सोसतो. शेजारी काम कायमचे रोखू शकत नाही, पण आपल्या भिंतीची आजची अवस्था तो नोंदवून घेऊ शकतो. आपल्याकडे एवढे तरी का करू नये? गावठाणातील वाढीव बांधकामाचा नकाशा दाखल होताच लगतच्या मिळकतदारांना नगरपरिषदेने नोटीस द्यावी. हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असावी, आणि ती पाया, पाणी, उजेड व वहिवाट या चारच बाबींवर ऐकावी. अभियंत्याने जागेवर जाऊन दोन्ही घरांतील तडे आधीच नोंदवावेत. पुढील पंधरा दिवसांत निर्णय न झाल्यास काम सुरू करण्यास मोकळीक असावी.

यात महिना जातो, अशी तक्रार होईल. पण घराचे काम काढणारा विटा, वाळू आणि गवंडी यांची जुळवाजुळव दिवाळीपासूनच करीत असतो. त्याच वेळी नकाशा दाखल केला, तर सुनावणी होऊनही मृगापूर्वी छप्पर पुरे करण्यास त्याच्या हाती अनेक महिने उरतात.