सुईचा दोष किती?

‘गाठीला सुई लावू नका, कॅन्सर पसरेल’ हा सल्ला नातेवाईक छातीठोकपणे देतात आणि बहुतेक डॉक्टर तो अडाणीपणा म्हणून उडवून लावतात. फुप्फुसाच्या बाबतीत तो निव्वळ अडाणीपणा नाही. २०२१ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यातल्या सुमारे २,४०० रुग्णांच्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेआधी छातीतून सुई घालून बायोप्सी झालेल्यांत त्याच बाजूच्या फुप्फुसाच्या आवरणात कॅन्सर परतण्याचा धोका वाढलेला आढळला. फुप्फुसाच्या कडेला, आवरणालगत असलेल्या गाठींची काळजी अधिक. शिवाय बायोप्सीनंतर साधारण पाचांपैकी एकाच्या छातीत हवा साचते. बहुतेकांची ती आपोआप जिरते, काहींना नळी घालावी लागते.

तरीही ऑपरेशननंतर गाठ परतली म्हणून सुईला बोल लावणे बहुतेक वेळा चुकीचेच आहे. गाठ काढण्यापूर्वीच काही पेशी रक्तात वा लसिकाग्रंथींत जाऊन बसलेल्या असतात, त्या स्कॅनवर दिसत नाहीत. पहिल्या टप्प्यातही म्हणूनच कॅन्सर परततो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती क्षयाची. क्षयाची गाठही पेट स्कॅनवर कॅन्सरसारखीच उजळते. तुकडा न तपासता कुणी कॅन्सर नसतानाही फुप्फुसाचा भाग कापून घेईल, आणि उलट कुणी कॅन्सर असताना महिनोन्महिने क्षयाच्या गोळ्या घेत राहील. हा दुसरा प्रकार आपल्याकडे फार घडतो आणि त्यात शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. ऑपरेशन शक्यच नसेल, तर नेमके औषध ठरवायलाही तुकडा लागतोच. अशा रुग्णाने सुईला घाबरून नकार देणे म्हणजे उपचारच नाकारणे.

म्हणजे प्रश्न सुई चांगली की वाईट हा नाही. या रुग्णाला, या जागच्या गाठीसाठी ती हवी का, हा आहे. कडेची लहान गाठ असेल, कॅन्सरचा संशय दाट असेल आणि रुग्ण ऑपरेशन सोसू शकत असेल, तर ऑपरेशनच्या टेबलावरच गाठ काढून तिथल्या तिथे तपासता येते. मध्यभागी असलेल्या गाठीपर्यंत अनेकदा दुर्बिणीने श्वासनलिकेतून पोचता येते. हे पर्याय रुग्णाला सांगतो कोण? धोके आणि पर्याय समजावल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच बजावले आहे. तरी संमतीचा कागद सीटी स्कॅनच्या दाराशी, बहुधा इंग्रजीत, मुलाच्या हाती दिला जातो. तो मराठीत हवा, आदल्या दिवशी हवा, आणि खुद्द रुग्णाला वाचून दाखवायला हवा.