फोटो हलला की औषध चुकते

खरिपाची पिके गुडघ्याएवढी झाली, की गावोगावच्या कृषी कर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर फोटोंचा पाऊस सुरू होतो. "साहेब, मिरचीवर काय पडलंय बघा जरा." "मक्याचा पोंगा खाल्लाय, काय मारू?" पूर्वी यासाठी पान तोडून, रुमालात बांधून तालुक्याला यावे लागे. साहेब भेटेपर्यंत पान सुकून जाई आणि अळी उडी मारून एस.टी.तच राही. आता घटकाभरात फोटो पोचतो. ही सोय मोठी आहे, यात वाद नाही.

पण त्या फोटोत दिसते काय? हिरवा धूसर डाग, त्यात एक काळपट रेघ आणि कोपऱ्यात काढणाऱ्याचा अंगठा. अशा फोटोवरून कितीही शिकलेला माणूस खात्रीने काही सांगू शकत नाही. मग अंदाजाने औषध सांगितले जाते, नाहीतर कृषी सेवा केंद्रातला दुकानदार जी बाटली पुढे करील ती घरी येते. अंदाज कुणाचाही असो, पैसा तुमचाच जातो.

यावर एक साधा, स्वस्त उपाय आहे. तो म्हणजे लवचिक पायांचा छोटा ट्रायपॉड. लग्नात फोटोग्राफर उभा करतो ती उंच तिपाई नव्हे. हा वीतभर उंचीचा असतो. त्याचे तिन्ही पाय हवे तसे वाकतात आणि वाकवले तसे राहतात. जोबी नावाच्या अमेरिकी कंपनीने २००६ साली गोरिलापॉड या नावाने असा ट्रायपॉड बाजारात आणला. त्याच्या पायात एकात एक बसणारे गोल सांधे होते. पुढे त्याच्या अनेक नकला निघाल्या. आपल्याकडे दुकानात "ऑक्टोपस ट्रायपॉड" म्हटले की कळते. मोबाईलच्या पकडीसह साधा नग दोन-तीनशे रुपयांत मिळतो. हे शहरातल्या पोरांचे खेळणे आहे, असे अनेकांना वाटते. माझे मत वेगळे आहे. खुरपे, विळा तसे हे शेतातले एक अवजार आहे आणि ते प्रत्येक गावात असले पाहिजे.

का, ते मिरचीच्या उदाहरणाने सांगतो. मिरचीला बोकड्या आला, पाने आकसली, की आपण सरसकट एकच फवारा मारतो. पण पाने वरच्या बाजूला वाटीसारखी वळली असतील तर बहुधा फुलकिड्यांचे काम असते. खालच्या बाजूला वळून देठ लांबले असतील तर कोळी असण्याचा संभव जास्त. पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणूही पाने आकसवतो. तिन्हींचे उपाय वेगळे. कोळी हा तर कीटकच नव्हे, तो आठ पायांचा जीव. त्याला कोळीनाशकच लागते. साधे कीटकनाशक मारले तर पुष्कळदा कोळ्याला खाणारे मित्रकिडेच मरतात आणि कोळी आणखी माजतो. आता हा कोळी इतका बारीक, की भिंगाशिवाय दिसत नाही. म्हणजे एका हाताने पान उलटे धरायचे, दुसऱ्या हाताने भिंग धरायचे आणि फोटो काढायला तिसरा हात हवा. तो तिसरा हात म्हणजे हा ट्रायपॉड.

मक्याचेही तेच. अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात २०१८ साली प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. वाढलेल्या अळीची ओळख पक्की आहे. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट खूण आणि शेपटाकडून दुसऱ्या वळ्यावर चौकोनात चार काळे ठिपके. फोटो स्पष्ट असेल तर एका नजरेत निदान होते. फोटो हलला असेल तर ती नुसती "एक अळी" राहते.

चुकीच्या फवारणीत नुसता पैसा जातो असेही नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. त्यामागे अनेक कारणे होती. पण गरज नसलेला प्रत्येक फवारा म्हणजे पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला विनाकारण विषात उभे करणे, एवढे तरी आपण मान्य करू.

आता वापर कसा करायचा ते पाहू. ट्रायपॉडचे पाय झाडाच्या फांदीला, बांधावरच्या खुंटीला, द्राक्षाच्या मांडवाच्या अँगलला, मोटारसायकलच्या हँडलला किंवा नुसत्या रोवलेल्या काठीला गुंडाळा. ओल्या रानात जमिनीवर ठेवायचा तर खाली वीट किंवा सपाट दगड घ्या, नाहीतर पाय चिखलात रुततात. मोबाईलची काच सुती कापडाने पुसा. मोबाईल पानाच्या अगदी जवळ नेऊ नका. वीतभर अंतर ठेवा, नाहीतर फोटो धूसरच येईल. बारकी कीड दाखवायची असेल तेव्हा भिंग मोबाईलच्या काचेला लावून धरा आणि मग जवळ जा. पडद्यावर किडीच्या जागी बोट टेकवा, म्हणजे नजर तिथे बसते. बटण दाबतानाच मोबाईल हलतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा. दोन्ही हात मोकळे होतात. एका हाताने पान देठाशी घट्ट धरा, कारण ट्रायपॉड मोबाईल स्थिर ठेवतो, वाऱ्याने हलणारे पान नाही. शेजारी एक रुपयाचे नाणे किंवा मोजपट्टी धरा, म्हणजे आकार कळतो. फोटो सकाळच्या उजेडात काढा. दुपारी काढायची वेळ आलीच, तर छत्रीची सावली करा.

एकच फोटो पाठवू नका, तीन पाठवा. पहिला शेताचा, दुसरा अख्ख्या झाडाचा, तिसरा पानाच्या खालच्या बाजूचा जवळून. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर तो बारीक होऊन जातो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत पेरणीची तारीख, वाण आणि आधी काय फवारले ते लिहा. फोटो कितीही चांगला असला तरी या गोष्टी तो सांगत नाही.

आणखी एक उपयोग फार कमी लोक करतात. शेताच्या बांधावर एक खुंटी कायमची रोवा आणि तिच्यावर एक खूण करा. दर आठ दिवसांनी त्याच खुणेवर, त्याच उंचीवर ट्रायपॉड गुंडाळून त्याच दिशेने फोटो घ्या. हंगामाच्या शेवटी कोणत्या खताने फरक पडला, कोणत्या आठवड्यात पिवळेपणा आला, पाणी कुठे साचले, हे डोळ्यासमोर राहते. कंपनीचा माणूस पुढच्या वर्षी "आमचं औषध मारलं म्हणून पीक तरारलं" असे सांगू लागला, तर त्याच्यापुढे हे फोटो ठेवा.

काळजीही घ्यावी लागते. विजेचा खांब, मोटारीची पेटी, स्टार्टर, केबल यांना ट्रायपॉड चुकूनही गुंडाळू नका. फवारणी चालू असताना मोबाईल बाहेर काढू नका. स्वस्त नगात फोमच्या आत नुसती तार असते. एकाच जागी वारंवार वाकवली की ती आतून तुटते आणि मोबाईल खाली येतो. जड कॅमेरा असेल तर त्याचे वजन पेलणारा, सांध्यांच्या पायांचाच ट्रायपॉड घ्यावा. सांध्यात माती गेली की धुऊन वाळवावा.

काही जण म्हणतील, "साहेब, पूर्वी काय शेती होत नव्हती का?" होत होती. पण आता फोटोचे महत्त्व वाढले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची फोटोसह नोंद शेतकऱ्याच्या हाती आली. त्या फोटोला ट्रायपॉडची गरज नाही, तो हातानेही नीट निघतो. मात्र १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. तिच्यात फोटोवरून यंत्रच कीड ओळखते. माणूस निदान "जवळून काढून पाठवा" असे सांगतो तरी. यंत्राला धूसर फोटो दिला तर उत्तरही धूसरच येणार.

म्हणून माझी सूचना अशी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि शेतकरी गटाने एक लवचिक ट्रायपॉड व दहापट मोठे दाखवणारे एक भिंग घेऊन ठेवावे. दोन्हींचा खर्च एखाद्या भारी औषधाच्या बाटलीपेक्षा कमी आहे. ते भाऊसाहेबांच्या कपाटात कुलपात पडू नये. कृषी सखीकडे किंवा गटातल्या एखाद्या हौशी पोराकडे द्यावे आणि वहीत नोंद करून ज्याला लागेल त्याला मिळावे. ग्रामसभेचे चित्रीकरण करायलाही तोच ट्रायपॉड खिडकीच्या गजाला बसतो. शेतीशाळेत आम्ही कीड ओळखायला शिकवतो, तसा फोटो काढायलाही अर्धा तास शिकवला पाहिजे. नुसते "फोटो पाठवा" म्हणून भागणार नाही.

आणि एक गोष्ट आमच्या खात्यातल्या मंडळींसाठी. चांगला फोटो आला म्हणून बांधावर जाणे टाळायचे नाही. मुळे कुजली आहेत का, माती किती ओली आहे, शेजारच्या शेतात काय चालले आहे, हे फोटोत दिसत नाही. कुठल्या शेतात आधी धावत जायचे, हे मात्र फोटो चांगला सांगतो. गावे अनेक आणि माणूस एक, अशा स्थितीत हीसुद्धा लहान मदत नाही.

तेव्हा सरपंच मंडळी, येत्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या. आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, गटाचा ट्रायपॉड येईपर्यंत मोबाईल वाळूच्या पिशवीवर टेकवा, टायमर लावा आणि मगच फोटो काढा. पुढची बाटली विकत घेण्याआधी एवढे कराच.