ग्रंथपरिचय : ‘राधेय’ हे नाव का टिकले?

शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. तिचा आधार महाभारत असला, तरी तिच्या केंद्रस्थानी रणांगणाहून अधिक एक कौटुंबिक जखम आहे. जन्मदात्री जिवंत असूनही जिला आई म्हणता येत नाही, अशा पुत्राची ही व्यथा आहे.

कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण ही सहा पात्रे आपापल्या मुखाने कथा सांगतात. त्यामुळे एकच माणूस प्रत्येकाच्या कथनात निराळा दिसतो. जगाच्या लेखी तो सूतपुत्र, दुर्योधनासाठी अंगराज, शोणासाठी थोरला बंधू, तर कुंतीसाठी नदीत सोडलेले बाळ. स्वतःच्या लेखी तो कोण, याचे उत्तर मात्र त्याला दीर्घकाळ सापडत नाही.

अधिरथ आणि राधा यांनी कर्णाला माया देण्यात काहीच कमी केले नाही. त्याचे अंतःकरण पोखरले ते मौनाने. हस्तिनापूरच्या स्पर्धेत त्याला कुळ विचारले गेले, तेव्हा उत्तर जाणणारी माता तेथे असूनही बोलली नाही. ती बोलली ती युद्ध दाराशी आल्यावर. आणि तोवर त्या सत्याला मागणी येऊन चिकटली होती. कर्णाने चार भावांना अभय दिले, पक्ष मात्र सोडला नाही.

राधेला या कादंबरीत स्वतंत्र निवेदन नाही. तरीही ‘राधेय’ या नावात तीच उरली आहे.

या कृतीला १९९४ चा मूर्तिदेवी पुरस्कार लाभला. भारतीय ज्ञानपीठाचे संस्थापक साहू शांतिप्रसाद जैन यांच्या मातोश्रींच्या नावाचा सन्मान मातेला दुरावलेल्या पुत्राच्या कथेस मिळावा, हा योग हृद्य आहे.

दत्तकाची रीत व्यापारी कुटुंबांना नवी नाही. शिरपूरच्या एखाद्या घरातही काकांनी वाढवलेला पुतण्या किंवा मामांकडे वाढलेली भाची असू शकते. ‘मोठे झाल्यावर सांगू’ असे म्हणता म्हणता वर्षे सरतात आणि एखाद्या लग्नकार्यात तेच सत्य परक्याच्या तोंडून कानी पडते. मुलाला त्याचे मूळ घरच्यांनीच, वेळेवर आणि काहीही न मागता सांगावे. त्याने वाढवणाऱ्यांचे नाते तुटत नाही. कर्ण सत्य कळल्यावरही राधेयच राहिला.