तक्रार कोणाकडे करावी?

२०२५ च्या जून महिन्यांत आमच्या घरांत दहा हजार रुपयांवरून जें काहूर माजलें, त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी कीं नाहीं, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. अखेर खुद्द आत्याबाईच म्हणाल्या, "लिही रे, खुशाल लिही. दुसऱ्या घरच्या म्हातारीवर तरी खोटें पडण्याची पाळी येणार नाहीं."

आत्याबाईंचें वय ७६. निवृत्तिवेतन त्यांचें स्वतःचें, व तें त्या स्वतःच काढून आणतात. ४ जूनला त्या एटीएमपुढें उभ्या राहिल्या. यंत्र बराच वेळ गुरगुरलें, पैसे आले नाहींत; खात्यांतून मात्र दहा हजार वजा झाले. घरीं येऊन त्यांनीं हें सांगितलें तेव्हां कोणी उघड कांहीं बोललें नाहीं. पण थोरल्या वहिनींनीं त्यांची पिशवी हळूच झटकून पाहिली, आणि तें आत्याबाईंच्या नजरेस पडलें. पुढील सर्व प्रकरण त्या पिशवींतून निघालें.

दुसऱ्या दिवशीं दादा व आम्ही बँकेंत जाऊन खिडकीवरील मुलावर यथेच्छ तोंडसुख घेऊन आलों. परततांना मोठी कामगिरी केल्यासारखें वाटत होतें! वस्तुतः त्या बिचाऱ्याच्या हातीं 'बघतों' म्हणण्यापलीकडे कांहीं नव्हतें. आम्हां शिकल्यासवरल्या माणसांस अशा वेळीं दोनच उपाय सुचतात: ज्याला अधिकार नाहीं त्याच्यावर ओरडावें, नाहीं तर ओळखीचा साहेब शोधावा. दादांनीं दुसराहि करून पाहिला; साहेबांची बदली झाली होती.

आत्याबाई मात्र ६ जूनलाच एकट्या शाखेंत जाऊन लेखी तक्रार देऊन, तिच्या नकलेवर शिक्का मारून घेऊन आल्या होत्या. तीन आठवडे कांहींच हाललें नाहीं, तेव्हां त्यांनीं बँकेच्या मुख्य नोडल अधिकाऱ्यास पत्र लिहिलें. हें नांव शाखेंतील फलकावर लिहिलेलें होतें. त्याच फलकाखालीं उभे राहून आम्ही भांडलों होतों. पत्रांत तारीख, वेळ, यंत्राचें ठिकाण, रक्कम आणि शिक्क्याच्या नकलेची प्रत. रागाचा एक शब्द नाहीं. शेवटीं एवढेंच, कीं ६ जुलैपर्यंत उत्तर न आल्यास लोकपालाकडे जाईन.

ही तारीख त्यांनीं पंचांग पाहून काढलेली नव्हती. बँकेनें ३० दिवसांत उत्तर दिलें नाहीं, अगर दिलेल्या उत्तरानें समाधान झालें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागतां येते. मात्र आधीं बँकेकडे लेखी गेलेलें नसेल तर लोकपाल तक्रार ऐकत नाहींत. शिक्क्याच्या नकलेचें महत्त्व तें हें. तेथें आपल्या वतीनें वकीलहि चालत नाहीं, हें ऐकून आमच्या वकीलकाकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शिवाय रिझर्व्ह बँकेचें २० सप्टेंबर २०१९ चें परिपत्रक असें आहे कीं, एटीएममधून न निघालेली रक्कम पांच दिवसांच्या आंत खात्यांत परत जमा व्हावी, त्यापुढें दर दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी, आणि तीहि ग्राहकानें मागण्याची वाट न पाहतां.

४ जुलैला दहा हजार जमा झाले. दादा म्हणाले, "चला, मिटलें एकदांचें."

आत्याबाईंनीं भिंतीवरची दिनदर्शिका खालीं घेतली व ९ जूनपुढचे दिवस बोटांवर मोजले. "पंचवीस. म्हणजे अडीच हजार राहिले कीं!" असें म्हणून त्या थोरल्या वहिनींकडे वळल्या. "माझी ती पिशवी दे ग जरा. पोस्टांत जाऊन येतें."