बाळ गप्प झालं तर थांबू नका

गोरेगाव परिसरात सोयाबीनची काढणी असो की हळदीची, गरोदर सून पुष्कळदा दिवस भरेपर्यंत रानात राबते. ‘बाळ लई फिरतंय,’ असं ती म्हणाली की घरचे घाबरतात. शेतकरी बंधूंनो, फिरणारं बाळ बहुधा ठणठणीत असतं. काळजी करायची ती फिरणं कमी झाल्यावर. दिवस भरत आले की बाळ गप्प होतं, हा समज खोटा आहे. हालचाल मंदावली वाटली तर तिला डाव्या कुशीवर निजवून मोजायला सांगा. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत, तर लगेच दवाखाना गाठा. सरपंचांनी १०२ व १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यावेत. म्हैस अडली तर आपण रात्रीच डॉक्टर आणतो. मग सुनेसाठी सकाळची वाट का पाहायची?