गरम पाणी पितेस ना?

चीनला जाऊन आलं की लोकांचा पहिला प्रश्न झुरळांचा. खातात का गं खरंच? मंडळी, शांघायमधल्या दहा दिवसांत मला ताटात एकही झुरळ दिसलं नाही. दिसलं ते गरम पाणी!

रेल्वे स्टेशन, एअरपोर्ट, बुलेट ट्रेन... जिथे बघावं तिथे गरम पाण्याचा नळ. ऐन जुलैत, घामाच्या धारा लागलेल्या असताना चिनी माणूस शांतपणे थर्मासचं झाकण उघडतो आणि वाफाळतं पाणी पितो. पाणी उकळून प्या, हा धडा १९५२ पासूनच्या सरकारी आरोग्य मोहिमांनी पक्का करून घेतला. पारंपरिक चिनी वैद्यकाचाही त्याला पाठिंबा. सर्दी झाली? गरम पाणी. पोट दुखतंय? गरम पाणी. मूड ऑफ आहे? तेच! 'गरम पाणी पी' हे बॉयफ्रेंड लोकांचं इतकं ठरलेलं उत्तर आहे की तिथल्या मुलींनी त्याचा जोक करून टाकलाय.

थट्टा सोडा, पण ही तिथली काळजी करण्याची भाषा आहे. घरात कोणी ऊठसूट 'आय लव्ह यू' म्हणत नाही. जुनी माणसं भेटली की विचारतात, 'छ्र ल मा?' म्हणजे, जेवलात का? अगदी आपल्या आजीसारखं.

संध्याकाळी चौकाचौकात स्पीकर लागतात आणि पन्नाशी-साठीच्या काकू रांगा लावून नाचतात. एकदम झकास! कारखान्यात काम करणाऱ्या बायका २०२४ पर्यंत पन्नाशीतच रिटायर व्हायच्या (२०२५ पासून हे वय हळूहळू वाढतंय). पुढे करायचं काय? १९८० ते २०१५ पर्यंत शहरात बहुतेकांना एकच मूल. तेही दिवसभर ऑफिसात. मग संध्याकाळी डान्स आणि वीकएंडला... मुलीचं लग्न!

शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी लग्नाचा बाजार भरतो. जमिनीवर उघड्या छत्र्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येक छत्रीवर एक कागद. जन्मसाल, उंची, डिग्री, पगार, स्वतःचं घर आहे की नाही, शांघायची सरकारी रहिवासी नोंद आहे की नाही. बहुतेक कागदांवर फोटो नाही आणि मुलं-मुली तर नाहीतच. छत्रीमागे स्टुलावर बसलेत आई-बाबा.

एका काकूंनी मोबाइलमधल्या ट्रान्सलेशन अ‍ॅपवरून माझी चौकशी सुरू केली. वय? अठ्ठावीस. लग्न? नाही. पुढचा प्रश्न, 'तुझी आई कुठे आहे?' मला जाम हसू आलं. मग मी विचारलं, मुलीला हे चालतं? त्या म्हणाल्या, 'चिडते. रोज नऊ वाजता घरी येते आणि एकटीच जेवते. मी गेल्यावर तिला जेवलीस का म्हणून कोण विचारणार?'

माझं हसू तिथेच थांबलं.

कारण बाजू त्या मुलीचीही आहेच. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, ही तिथल्या आयटी कंपन्यांची कुप्रसिद्ध ड्युटी. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, पण ती सवय काही संपली नाही. त्यात सत्ताविशी उलटलेल्या अविवाहित मुलींना 'उरलेल्या' म्हणायचं! हा शब्द २००७ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने नव्या शब्दांच्या यादीतही घातला. शिवाय दोन आई-वडील, चार आजी-आजोबा, सगळ्यांची भिस्त एकटीवर. पोरींनी उत्तर दिलंय ते आकड्यांत. २०१३ मध्ये चीनमध्ये सुमारे १ कोटी ३४ लाख लग्नांची नोंद झाली होती, २०२४ मध्ये फक्त ६१ लाख.

तेव्हा छत्र्यांच्या त्या रांगेला हसण्याआधी जरा थांबा. मॅट्रिमोनियल साइटवरचं तुमचं प्रोफाइल बाबांनीच बनवलंय ना? पासवर्डही त्यांच्याकडेच? तोही छत्रीवरचा कागदच. तो नको असेल तर सरळ सांगायचा हक्क तुम्हाला आहे, शंभर टक्के आहे. फक्त सांगताना एवढं ओळखा, की कागदामागचा खरा प्रश्न पगाराचा किंवा उंचीचा नसतो. तो जेवलीस का, एवढाच असतो. त्याचं उत्तर द्यायला लग्न लागत नाही, एक फोन पुरतो.