‘स्वभावाला औषध नाही’ म्हणणाऱ्यांना

बिरवाडीच्या बाजारपेठेत कुणी झिंगून पडलेला दिसला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘तो काय सुधारायचा नाय, स्वभावाला औषध नाही.’ म्हणणाऱ्यांत त्याचा बाप असतो, कधी बायकोही असते. मला ते मान्य नाही. आणि बिरवाडीत तर ते कुणीच म्हणू नये.

कारण १९७६ साली याच गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नेमणुकीवर आले. लाल विंचू चावला की दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि शेवटी फुप्फुसांत पाणी होऊन मृत्यू. लोक त्याला नशीब म्हणत. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून नोंदी केल्या, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि शंभरातले तीस-चाळीस मृत्यू एक-दोनांवर आले. ‘नशीब’ म्हटलेल्याला औषध सापडलं; ‘स्वभाव’ म्हटलेल्या व्यसनाचंही तसंच आहे.

यावर कुणी म्हणेल, विंचू आपणहून चावतो, पहिला ग्लास मात्र माणूस स्वतः उचलतो. खरं आहे. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याकडे सकाळी सकाळी पाहा. बशीत ओतलेला चहा ओठापर्यंत जाईस्तोवर निम्मा सांडतो. शरीराला आता दारू लागते, तिथे हौस उरलेली नसते. अशा माणसाला खोलीत कोंडून एकदम दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, प्रसंगी माणूस दगावतो. ‘मनात आणलं तर आजच सोडेल’ हा सल्ला म्हणून नुसता चुकीचा नाही, घातक आहे.

हे ओळखून काम उभं केलं ते डॉ. अनिता अवचट यांनी. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईतली पोरं गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, पुड्यांपायी उद्ध्वस्त होत होती. त्यांचे पती, लेखक अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ‘बाई होत्या, मायेनं सगळं झालं,’ असं कौतुक अनेक जण करतात. मला ते अपुरं वाटतं. माया होतीच, पण तिला शिस्तीची जोड होती. टर्कीचे, म्हणजे नशा तोडल्यावर होणाऱ्या त्रासाचे, पहिले दिवस औषधांच्या आधारानं काढायचे, नंतर पाच आठवडे ठरलेला दिनक्रम, झाडलोट स्वतः करायची, सगळ्यांसमोर बसून खरं बोलायचं. मारझोड नाही. आणि जे त्यातून बाहेर आले त्यांनाच नव्यांच्या मदतीला उभं करायचं. सरकारी डॉक्टरनं व्यसनी माणसाला सहकारी मानणं, ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

‘घरच्या घरी सुटते की, भाजीत गोळी घालायची, त्याला कळतही नाही,’ असं सांगणारेही आहेत. ही गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती घेतलेल्या माणसानं वर दारू प्यायली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. हे औषध तपासण्या करून, माणसाला सांगून आणि त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं.

वारकऱ्यांची माळ घालून दारूतून सुटलेले आहेत, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांना विचारा, माळेबरोबर आणखी काय मिळालं? दिंडीची सोबत मिळाली, संध्याकाळी हरिपाठाला बसायला माणसं मिळाली. मुक्तांगणातली गटसभाही हीच सोबत देते. दोन्हींत भांडण लावायचं कारण नाही.

राहिला सर्वांत कडू आक्षेप : ‘जाऊन आला, चार महिन्यांत परत प्यायला. पैसे पाण्यात.’ मधुमेह्याची साखर पुन्हा चढली तर आपण डॉक्टर बदनाम करत नाही, त्याला पुन्हा डॉक्टरकडे नेतो. ‘स्लिप’ झालेल्यालाही तसंच न्यावं. अमली पदार्थांचा १९८५चा कडक कायदासुद्धा, किरकोळ प्रमाणासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर कलम ६४-अ नुसार त्याला खटल्यातून सूट देतो. उपचार अर्धवट सोडले तर सूट काढूनही घेता येते. कायद्याला जी वाट दिसते, ती गावाला का दिसू नये?

अनिताताई १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या, पण काम थांबलं नाही. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते पुढे नेलं. २००९ मध्ये व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभागही उघडला.

पण पुणं वरंधा घाटापलीकडे आहे आणि पावसाळ्यात तो घाट बऱ्याचदा बंद असतो. दाखल होणं एकदाच, पुढचा फॉलो-अप मात्र वर्षानुवर्षांचा. तो इथेच हवा. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नाहीतर शाळेच्या एखाद्या वर्गात आठवड्याला एक सभा भरावी, वेळ एमआयडीसीतल्या पाळ्या बघून ठरवावी, सोडलेल्यांनी ती चालवावी आणि महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ यावा. बायकांची बैठक वेगळी असावी, कारण नवऱ्यासमोर त्या बोलणार नाहीत. ग्रामसभेच्या येत्या विषयपत्रिकेवर हा विषय मांडायला मी तयार आहे. अनुमोदनाला एक हात हवा.